वडिलांच्या स्टोमाभोवतीची (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीची) कातडी लाल होऊन सोलली आहे, कुठलं क्रीम लावू?

क्रीम कुठलंच लावू नका. क्रीमचा तेलकटपणा राहिला की प्लेट, म्हणजे बॅग धरून ठेवणारी पोटावरची चकती, चिकटत नाही, मग खालून गळतं आणि कातडी अजून जाते. खोबरेल तेल, कोरफड, तूप सगळं त्यातच आलं.

तुम्ही लिहिलंय की इलिओस्टॉमीला, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं त्याला, दोन महिने झाले, रोज बॅग बदलतो, डेटॉलने पुसतो, एवढी स्वच्छता ठेवूनही असं का, बॅगची कंपनी बदलू का. ते "एवढी स्वच्छता ठेवूनही" वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात रडत रडत बोलले होते.

आमच्या ह्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आतला जोड भरून येईपर्यंत पोटावर तात्पुरती इलिओस्टॉमी. डिस्चार्जच्या वेळी हातात एक कागद दिला, त्यावर 38 लिहिलेलं, म्हणजे प्लेटला 38 मिलिमीटरचं भोक कापायचं. मी इमानाने 38 कापत राहिले. हे माप पुढे बदलतं असं एकानेही सांगितलं नाही. पाचव्या आठवड्यात कातडी लाल झाली, मग लस यायला लागली, हे रात्री उठून बसायचे आणि म्हणायचे नुसती मिरची लावल्यासारखी आग होतेय. त्यात मोठ्या वन्सं राहायला आल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुला किळस येते, म्हणून तू वरवर पुसतेस." मग त्यांनी कामच हातात घेतलं, डेटॉल, कापूस, सकाळ-संध्याकाळ नवीन प्लेट. चार दिवसांत कातडी एवढी ओली झाली की प्लेट दोन तासही टिकेना.

शेवटी स्टोमा नर्स घरी आल्या. त्यांनी प्लेट ओढली नाही, एका हाताने कातडी खाली दाबत दुसऱ्या हाताने हळूहळू सोडवली, आणि पोटाकडे बघायच्या आधी प्लेट उलटी करून मागची बाजू बघितली. भोकाभोवतीचा डिंक विरघळून पांढरा, फुगलेला. मग मापाचं कार्ड लावलं. स्टोमा 30 चा झाला होता! 38 चं भोक आणि 30 चा स्टोमा, म्हणजे चारी बाजूंनी 4 मिलिमीटर कातडी उघडी, आणि लाल कडं बरोबर तेवढंच, जसं कंपासने काढलंय. त्या म्हणाल्या, "ताई, स्वच्छतेचा काही प्रश्न नाही, भोक मोठं आहे." मी वन्संकडे बघितलं तर त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि ती सूज साधारण 6 ते 8 आठवडे उतरत राहते. लहान आतड्यातून जे पातळ येतं त्यात पाचकरस असतात, ते जेवण पचवतात तसंच कातडीलाही पचवायला बघतात, मग तुम्ही दिवसातून दहा वेळा पुसा, उघडी कातडी जाणारच. आणि डेटॉलने, रोजच्या ओढाओढीने ती आणखी जाते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मोजा आणि भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठं कापा. आम्ही 32 वर आलो.

सोललेल्या जागेला साधं कोमट पाणी, मऊ कापड, न घासता टिपून कोरडं करायचं. जिथून लस येते त्या जागेवरच स्टोमा पावडर टाकायची, जास्तीची झटकायची, वरून स्पिरिट नसलेलं बॅरियर फिल्म (कातडीवर पातळ संरक्षक थर धरणारं द्रव) टिपायचं, वाळू द्यायचं आणि हे दोन-तीनदा. पावडर थापली तर प्लेट चिकटत नाही. प्लेट लावल्यावर मिनिटभर तळहात ठेवून ऊब द्या. बदलायचं काम सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा कमी येतं. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, भरलेली बॅग वजनानेच प्लेट ओढते. तिसऱ्या प्लेटला आमची लस थांबली. पुढे प्लेट चार दिवस टिकायची, मे महिन्यात घामाने तीन. पण आग किंवा खाज सुटली तर दिवस मोजत बसू नका, लगेच काढून बघा.

चिकटणाऱ्या बॅगची कल्पना 1954 साली डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन नावाच्या नर्सला सुचली, तिच्या बहिणीला, थोराला स्टोमा झाला होता म्हणून. तीही पेशंटची बहीणच होती. बहिणीचं दुखणं बघून तिने बॅग कशी असावी याचा विचार केला, दोष कुणाचा ते शोधत बसली नाही. हे मला वन्संना तेव्हा सांगायचं होतं.

तर तुमच्या घरातही कुणी कुणाला "नीट साफ करत नाहीस" म्हणत असेल तर त्यांना माझं उत्तर दाखवा.

कंपनी बदलायचं म्हणाल तर आधी माप. हो, लाली बरोबर प्लेटच्या आकाराची असेल तर मात्र डिंकाची ॲलर्जी असू शकते. लाल पुरळ, कडेला सुटे सुटे ठिपके आणि खूप खाज असेल तर बुरशी, त्याला डॉक्टरांकडून औषधाची पावडर. स्टोमा कातडीच्या पातळीत किंवा आत गेलेला असेल तर फुगीर प्लेट आणि बेल्ट लागतो, तो नर्सला दाखवूनच घ्या. पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरू नका, पण स्टोमा काळा-जांभळा दिसला तर तसेच हॉस्पिटल गाठा. पावडर आणि फिल्म जवळच्या मेडिकलवाल्याला माहीत नसतं, नाशिकमध्ये असाल तर गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक दुकानांत विचारा.

उद्या सकाळी बदलताना जुनी प्लेट उलटी करून बघा आणि मोजा. कापता किती आणि स्टोमा किती, दोन्ही आकडे इथेच लिहा, मी बघते.