नवी असताना सगळ्यांत महाग, जुनी झाल्यावर सगळ्यांत स्वस्त: असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट नऊ लाख, राहायला ठाण्यातलं कासारवडवली, ऑफिस ऐरोलीला, वर्षातून दोनदा गुहागर. २०१८ च्या डिझेल गाड्या बघितल्या. क्रेटा ९ लाख, स्कॉर्पिओ साडेनऊ, एक्स्यूव्ही ५०० साडेसात, आणि तुर्भ्याच्या एका दलालाकडे तशीच एक्स्यूव्ही, दिल्ली पासिंग, ६ लाखांत. नवी होती तेव्हा एक्स्यूव्हीचं वरचं मॉडेल या सगळ्यांना भारी पडायचं. मग आता तीच सगळ्यांत स्वस्त का? गाडीत काही गोम आहे का?

गोम असेलच असं नाही. मी आजवर पाच जुन्या गाड्या घेतल्या आणि चार विकल्या, त्यातून एक कळलं. दलाल गाडीकडे बघून भाव सांगत नाही. ही गाडी उद्या ज्यांच्या गळ्यात मारता येईल अशी गिऱ्हाइकं किती, हे मनात मोजून सांगतो.

स्कॉर्पिओचंच घ्या. ठाण्यातून निघालेली स्कॉर्पिओ ठाण्यात राहत नाही. ती मुरबाड, शहापूर, जव्हारकडे जाते. तिथल्या माणसाला वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली, खड्ड्यात आपटली तरी चालणारी आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला उघडता येणारी गाडी हवी असते. तो रोख पैसे घेऊन येतो आणि फार घासाघीस करत नाही. म्हणजे तुम्हाला जो साडेनऊचा भाव ऐकवला, तो खरं तर शहापूरचा भाव आहे. त्यात भर म्हणजे २०२२ मध्ये स्कॉर्पिओ एन आली तेव्हा महिंद्राने जुना आकार बंद केला नाही, क्लासिक नावाने चालू ठेवला. तुमची २०१८ ची गाडी शोरूममधल्या गाडीची थोरली बहीण दिसते. पत्रा, काचा, दिवे, सगळं अजून कारखान्यातून येतं.

एक्स्यूव्ही ५०० त्याच कंपनीची, पण नशीब उलटं. २०११ साली आली तेव्हा लोक रांगा लावून घेत होते. तिला वेगळी चासी नाही, मोटारीसारखी एकसंध बॉडी आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्स भरपूर. गावाकडचा मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि म्हणतो, साहेब, स्कॅनर लागेल. झालं, मुरबाडचं गिऱ्हाईक गेलं. २०२१ मध्ये एक्स्यूव्ही ७०० आली आणि ५०० चा तो आकार कायमचा संपला, तेव्हा शहरातलं हौशी गिऱ्हाईकही गेलं. उरलं कोण? सात सीट हव्यात, बजेट कमी आहे आणि रुबाबाची फिकीर नाही अशी कुटुंबं. ती असतात, पण थोडी. फॉर्च्युनरचं याच्या बरोबर उलट: सरपंचापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना हवी, म्हणून ती उतरता उतरत नाही.

क्रेटा महाग असण्याचं एक कारण तुमच्या सोसायटीच्या तळघरात आहे. घोडबंदर पट्ट्यातल्या किती टॉवरांत आता स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक चढवायची सोय, आहे बघा. कोलशेत रोडला माझा एक मित्र राहतो, त्याच्या पार्किंगच्या खांबावर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली पाटी आहे. त्याने सफारी स्टॉर्म बघितली होती, सौदा जवळजवळ ठरलाही होता. घरी येऊन टेप लावली. गाडीची उंची १.९ मीटरच्या वर, पार्किंगची जागा तेवढी उंच नाही. सौदा तिथेच मोडला. क्रेटा साधारण १.६ मीटर, कुठेही शिरते. आपल्याकडे मोठ्या गाड्यांची गिऱ्हाइकं अशी पार्किंगमुळे गळतात, आणि हे कुठल्याही रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरी भीती: कंपनी गाशा गुंडाळून गेली तर? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात शेवरोले विकणं थांबवलं. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि एंडेव्हरसारखी दणकट गाडी, इंजिनात काडीचा फरक पडलेला नसताना, एका बातमीने स्वस्त झाली. माझ्याकडे सध्या आहे ती गाडी अशाच एका निघून गेलेल्या कंपनीची. नाव घेत नाही. घेताना मेव्हण्याने वेड्यात काढलं होतं. चार वर्षांत फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सगळं मिळालं, कारण हे भाग बनवणारे बहुतेक वेगळेच असतात. अडलं ते मागच्या दिव्याच्या काचेपाशी. रिक्षावाल्याने माजिवड्याच्या सिग्नलला टेकवली, आणि त्या एका काचेसाठी मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन शनिवार घालवले. चौथ्या दुकानात एका अपघातातल्या गाडीची मिळाली, तीही आतल्या बाजूने थोडी पिवळी पडलेली. तेव्हा हिशेब असा: इंजिनाच्या भीतीने असली गाडी सोडू नका, पण बंपर आणि दिव्यांची धास्ती खरी आहे.

आता दिल्लीवाली. ती खराब आहे म्हणून स्वस्त नाही. हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये तर असल्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं सुरू झालं आणि काही दिवसांत थांबवावं लागलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये कोर्टाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं, पण एकदा बसलेली भीती आदेशाने जात नाही. दिल्लीचा माणूस २०१८ च्या डिझेलचं आयुष्य २०२८ पर्यंतच धरतो. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०३३. मधली पाच वर्षं दलाल तिकडून स्वस्तात उचलतो.

ऐकायला झकास वाटतं ना? खर्च पुढे आहे. बाहेरच्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथलं पासिंग करावं लागतं. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स लागतो. महाराष्ट्रात डिझेलचा टॅक्स नव्या गाडीला किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के आहे, जुनीला वय बघून कमी होतो, पण होतो म्हणजे माफ होत नाही. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, मागून बघा. माझ्या चुलतभावाने अशी गाडी घेतली होती. दलाल म्हणाला एनओसी आठ दिवसांत देतो, आली पाचव्या महिन्यात, आणि तोवर दर नाकाबंदीला भाऊ कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसायचा. सहाची गाडी दारात नीट उभी राहीपर्यंत साडेसातवालीच्या जवळ जाते. मी तरी घेणार नाही.

कोणी म्हणेल, २०२० नंतरची बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, डिझेल घ्या, आता तीही उतरलीये. थांबा. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ एका लयीत, वेगात चालावी लागते. मानपाडा ते गायमुख रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीत ती साचतच जाते. मेव्हण्याच्या गाडीचा पिवळा दिवा लागला की तो रात्री साडेअकराला नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत जाऊन येतो, खालच्या गिअरमध्ये, इंजिन गरम ठेवत. बहीण म्हणते, लोक कुत्रा फिरवतात, हा गाडी फिरवतो. तुम्ही बघताय त्या २०१८ च्या गाड्या बीएस ४, म्हणजे आधीच्या नियमांच्या, त्यांना हा व्याप नाही. तुमच्या रस्त्याला ते बरंच आहे.

ऑटोमॅटिकमध्येही असंच. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचांच्या, गिअरबॉक्सची दुरुस्ती महाग म्हणून वॉरंटी संपली की भाव धाडकन पडतो. रोजची रांग असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हींवर सेससकट ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० वर आला, चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर १८. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरते. दलाल त्याआधीचा भाव अजून तोंडपाठ म्हणत असेल तर त्याला आजचं नव्या गाडीचं कोटेशन दाखवा.

तुमच्या जागी मी असतो तर? तीन वर्षांत विकायची असेल तर क्रेटा. जास्त द्याल, पण विकताना बरंचसं परत मिळेल. सात-आठ वर्षं ठेवायची असेल तर ठाणे पासिंगची एक्स्यूव्ही, सातला मागून बघा. तिला जेवढं पडायचं होतं तेवढं ती आधीच्या मालकाच्या पैशाने पडून झालीये, आणि गुहागरच्या वाटेवरच्या वळणांवर भरलेली असली तरी ती मस्त ओढते. फक्त आधी पार्किंगच्या खांबावरची पाटी वाचा, तिची उंची पावणेदोन मीटरच्या थोडी वर आहे.

बघायला जाल तेव्हा मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या फूटभर पट्टीवर चिखलाची रेघ किंवा बुरशीचे ठिपके असतील तर गाडी पाण्यात होती, मग वर कितीही पॉलिश असू द्या. पाचही टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर बनल्याचा आठवडा आणि साल असतं. बॉनेटखालच्या फेंडरच्या बोल्टवरचा रंग पाना लागून उडालाय का बघा. ‘इन्शुरन्सला ५० टक्के नो क्लेम बोनस आहे’ यावर भाळू नका, तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि कर्ज फिटल्याचा सही केलेला फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका.