सांताला फोन लावू का?

डिसेंबर लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आई-बाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सांता वगैरे काही नसतं हे मुलांना सांगून टाकायचं का? उद्या कळलं तर म्हणतील आई-बाबा खोटं बोलले." मागच्या वर्षीही डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एका आईचा हाच प्रश्न आला, पण तिच्या मेसेजच्या शेवटी अजून एक ओळ होती, "आणि तिचं पोट रोज सकाळी दुखतंय." ती ओळ वाचून मी त्यांना लगेच बोलावलं. (ही गोष्ट मी त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

मुलीला आपण मनू म्हणू. सहा वर्षांची, पहिलीत, बोरिवलीला राहते. आई फोर्टमध्ये नोकरीला, सकाळी पावणेआठला घर सोडते ती संध्याकाळी साडेसातला येते, बाबांची नोकरी फिरतीची, घरी आजी. म्हणजे मुंबईतल्या हजारो घरांसारखं घर. पोटदुखीसाठी आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा हे मी सगळ्यांनाच सांगते, ते त्यांनी केलं होतं आणि तपासणीत काही निघालं नव्हतं. झोप तुटत होती, आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा ती विचारायची, "आई, मी गुड आहे ना?" आईने हो म्हटलं की दोन मिनिटं बरं, परत तेच. रात्री आई दमून आडवी झाली की अंधारातून परत एकदा, "गुड आहे ना?"

आणि मग ते डब्याचं प्रकरण. घरात दोन दिवस कसला तरी वास येत होता, आजींनी उंदीर मेला म्हणून कपाटं हलवली, शेवटी बेडखालच्या जुन्या दप्तरात पोळी-भाजीचे रोल सापडले, बुरशी आलेले, आठ-नऊ तरी असतील. मनू रोज शाळेतून आली की डब्यात उरलेलं गुपचूप त्या दप्तरात टाकायची आणि रिकामा डबा ओट्यावर ठेवायची. त्याच दप्तरात वहीचा एक कागद होता, तो आई सोबत घेऊन आली होती. घरच्या फ्रिजवर एक स्टार चार्ट होता, चांगलं वागलं की सोनेरी स्टार, नाहीतर फुली, तसाच चार्ट पोरीने स्वतः पेन्सिलने काढला होता, त्यात एकही स्टार नव्हता. नुसत्या फुल्या, ओळीने, कागदाच्या खालपर्यंत. आणि कोपऱ्यात लाल टोपीवाला एक माणूस, ज्याला डोळे होते पण तोंड काढलेलं नव्हतं.

तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसले होते. वीस वर्षं या कामात आहे, तरी असा कागद समोर आला की घसा दाटून येतो.

मनू खोलीत आली ती आधी दारातच उभी. माझ्याकडे खेळण्यांच्या टोपलीत एक जुना डबडा फोन आहे, मुलं हमखास तोच उचलतात. तिनेही उचलला, कानाला लावला आणि एकदम मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "हॅलो सांता? हां, दूध नाही प्यायली. हो, आज पण. ठीके, नाव लिहून ठेवा." आणि ठेवून दिला.

मी विचारलं, "काय म्हणाला तो पलीकडून?"

"काहीच नाही. तो काही बोलत नाही. आईच बोलते."

आई शेजारीच बसली होती. तिचा चेहरा मला आजही आठवतो. बिचारीने कसलं पाप केलं नव्हतं हो. सकाळच्या घाईत पोरगी दूध पीत नाही, ट्रेन चुकतेय, अशा वेळी फोन कानाला लावून "सांताला फोन लावू का?" म्हटलं की ग्लास रिकामा व्हायचा. आपल्याकडे आधी बागुलबुवा होता, मग झोळीवाला बाबा आला, पोलीसमामा आला, इंजेक्शन देणारे डॉक्टर आले, आता त्या जागी सांता बसलाय एवढंच. मनूच्या बाबांनी तेच म्हटलं, "मॅडम, सगळ्याच घरात बोलतात असं, आम्हाला पण बागुलबुवाचा धाक होताच की. आमचं काय बिघडलं?"

मी त्यांना म्हटलं, तुमचं खरंय, बरीचशी मुलं हे कानाआड करतात, दोन मिनिटं घाबरतात आणि विसरतात. पण काही मुलं मुळातच हळवी असतात, शब्दाला शब्द धरून ठेवणारी, आणि साधारण दोन ते सात या वयात मुलांच्या डोक्यात कल्पना आणि वास्तव यांच्यामध्ये भिंत फार पातळ असते. आपल्या मनात आलं म्हणून काहीतरी घडलं असं त्यांना खरंच वाटू शकतं. आणि दुसरं म्हणजे, बागुलबुवा आला नाही की विषय संपतो. सांताचं तसं नाही. तो पंचवीस तारखेला निकाल लावतो, आणि तो निकाल मुलाच्या हातात पडतो.

हे मी बोलले आणि मग मनूचीच गोष्ट बाहेर आली. आदल्या वर्षी त्यांच्या सोसायटीत ख्रिसमस पार्टी होती. अशा पार्ट्या आता सगळीकडे असतात, पालकांनी आपापल्या मुलाचं गिफ्ट पॅक करून नाव घालून कमिटीकडे द्यायचं, कोणीतरी काका सांता बनणार आणि स्टेजवरून वाटणार. तीनशे रुपयांच्या आत आणा असं ग्रुपवर ठरलं होतं. मनूच्या आईने प्रामाणिकपणे तीनशेच्या आत रंगांची पेटी आणली. तिच्याच वयाच्या एका मुलाला सगळ्यांसमोर लाल सायकल मिळाली, वर रिबन बांधलेली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मनूने घरी येताना लिफ्टमध्ये फक्त एवढंच विचारलं, "त्याला सायकल का?" आणि आजी पटकन म्हणून गेल्या, "तो शहाण्यासारखा वागतो, डबा संपवतो, म्हणून."

झालं. बघा आता एवढ्याशा पोरीने कसा हिशोब मांडला असेल. सांता चांगल्या मुलांना गिफ्ट देतो, त्याला सायकल दिली, मला रंग दिले, म्हणजे मी चांगली नाही, म्हणजे मला डबा संपवायला हवा, डबा संपत नाही, म्हणजे तो लपवायला हवा. यात चूक कुठेय सांगा? तिला आपण जे सांगितलं तेच तिने नीट जोडलं. आणि वर्षभर सांताला फोन चालूच.

म्हणून "सांता खरा की खोटा सांगू" हा प्रश्न मी तिच्या आईला बाजूला ठेवायला सांगितला. सहा वर्षांच्या मुलीला सांता असतो असं वाटतंय तर वाटू दे की, बहुतेक मुलांना सात-आठ वर्षांच्या आसपास आपलं आपणच कळतं, टोपीखालून काकांचा चष्मा दिसतो, नाहीतर शाळेत कोणी मोठा मुलगा सांगतो. तोवर मूल सरळ विचारेल तेव्हा "तुला काय वाटतं गं?" म्हणून आधी ऐकायचं, आणि त्याला खरंच खरं हवं असेल तर खरं सांगायचं, बास. खोटं बोललात म्हणून आयुष्यभराची अढी धरून बसलेलं मूल निदान माझ्याकडे तरी आलेलं नाही. माझ्याकडे येतात ती "मी वाईट आहे" असं धरून बसलेली मुलं. मला काळजी त्यांची वाटते. तेव्हा सांता ठेवा, पण त्याच्या हातातली यादी काढून घ्या.

तिची आई म्हणाली, "पण मग ती ऐकणार कशी?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो धुडकावून लावायची माझी हिंमत नाही, कारण सकाळी सव्वासातला ओट्याशी मी उभी नसते, ती असते. पण खरं सांगायचं तर धाकाने ती ऐकत नव्हतीच, ती लपवायला शिकली होती. ऑगस्टमध्ये सांगितलेला डिसेंबर या वयाला कळतच नाही. त्याला कळतं आत्ताचं, "दूध झालं की खिडकीत बसून कबुतरं मोजू", "दप्तर भरलं की एक गोष्ट". डब्याचं तर फारच सोपं होतं, तिला दोन पोळ्या जातच नव्हत्या. इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं. एक पोळी द्यायला लागलो आणि उरलं तर उरलेलं परत आण, कोणी काही म्हणणार नाही असं ठरलं. स्टार चार्ट फ्रिजवरून उतरवला. आजींना हे सगळं जरा लाडच वाटलं, त्यांना मी काही समजावत बसले नाही, फक्त तो फुल्यांचा कागद दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून बघितला आणि पदराने डोळे पुसले.

सगळ्यात अवघड गोष्ट आईला करायची होती, ती तिने एका रविवारी दुपारी केली. मनूला मांडीवर घेऊन म्हणाली, "मी सांताला कधीच फोन लावला नव्हता. तू पटकन दूध प्यावंस म्हणून मी तसं नुसतंच बोलायचे. माझं चुकलं बाळा." मनू बराच वेळ गप्प. मग हळूच, "म्हणजे त्याला डब्याचं माहीत नाही?" आई म्हणाली, माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तो रागावला नसता. त्यावर मनू रडली, ती म्हणे अर्धा तास रडत होती. आईने मला घाबरून फोन केला, मी म्हटलं रडू द्या, वर्षभराचं साचलेलं आहे.

यात आम्हाला खरी मदत झाली ती शेजारच्या आजींची. त्यांच्या मजल्यावर एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब राहतं, मुंबईचेच मूळचे, घरात मराठीच बोलतात. दरवर्षी त्या आजी नाताळच्या आधी कलकल नावाचा गोड पदार्थ करतात, आणि त्या वर्षी त्यांनी मनूला हाताशी घेतलं. नारळाच्या दुधात भिजवलेला मैदा, त्याची बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर अंगठ्याने दाबायची आणि गुंडाळत न्यायची, की शिंपल्यासारखी वळी पडते, मग तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची. मनूची पहिली वीस-पंचवीस चपटीच झाली. आजींनी तीही सगळी तळली, एकही बाजूला काढली नाही, "पोटात गेल्यावर सगळी सारखीच" म्हणाल्या. मी सत्रात दहा वेळा सांगून जे पोचलं नसतं ते त्या कढईशी पोचलं असं मला मनापासून वाटतं.

त्याच दुपारी त्यांनी तिला सेंट निकोलसची गोष्ट सांगितली. सांताक्लॉज हे नाव ज्याच्यावरून आलं तो हा, चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप, ६ डिसेंबरला त्याचा सण असतो. गोष्ट अशी की एका गरीब माणसाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर निकोलसने रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, बापाला ओशाळं वाटू नये म्हणून गुपचूप. मनूने लगेच विचारलं, "त्या मुली गुड होत्या?" आजी म्हणाल्या, "ते त्याने विचारलंच नाही गं. त्यांना गरज होती." मनूच्या आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं, आता बऱ्याच आई-बाबांना सांगते. चांगल्या-वाईट मुलांची यादी त्याच्या गळ्यात नंतर कधीतरी पडली, या गोष्टीत ती कुठेच नाही.

गिफ्टचं काय करायचं हेही ठरवलं, कारण पंचवीस तारीख तर येणारच होती. घरी सांताकडून काहीतरी छोटंसं, आणि मोठं काही घ्यायचं असेल तर ते आई-बाबांकडून, तसं स्पष्ट सांगून. मी हे सगळ्यांनाच सांगते, फक्त आपल्या मुलासाठी नाही तर वर्गातल्या दुसऱ्या मुलासाठी सुद्धा, ज्याच्या घरी सायकल येणं शक्य नाही. सायकल बाबांनी घेतली असेल तर "त्यांच्या बाबांनी घेतली" एवढ्यावर मूल थांबतं. सांताने दिली असेल तर ते स्वतःकडे बघतं. मनूच्या बाबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला, थोडी वादावादी झाली, कोणी म्हणालं आमच्या पैशाने आम्ही काहीही देऊ, पण शेवटी कमिटीने सगळ्या मुलांना एकसारखीच गोष्टींची पुस्तकं आणली आणि ज्यांना मोठं गिफ्ट द्यायचं त्यांनी घरी द्यावं असं ठरलं. फिरतीची नोकरी करणारा तो माणूस त्या मीटिंगसाठी नाशिकहून लवकर निघून आला होता, मला याचं फार कौतुक वाटलं.

पोटदुखी एका दिवसात नाही गेली. नाताळच्या सुट्टीत कमी झाली, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री परत आली, "गुड आहे ना" अजून अधूनमधून येतच होतं. त्यासाठी आईला मी सांगितलं होतं की दर वेळी हो-हो म्हणत बसू नका, त्याने भूक भागत नाही, जवळ घ्या आणि विचारा की आत्ता काय झालं. असं तीन-चार आठवडे करूनही मूल शाळेला जायलाच तयार नसेल, झोपेत दचकून उठत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल तर मात्र घरच्या घरी बघत बसू नका, कोणाला तरी दाखवा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. त्या दिवशी तिने सुट्टी घेतली होती म्हणून मनू शाळेतून आली तेव्हा ती घरीच होती. मनूने बूट काढले, दप्तरातून डबा काढला, झाकण उघडून ओट्यावर आईसमोर ठेवला आणि म्हणाली, "भेंडी उरलीय. चिकट होती, मला नाही आवडली." आणि खाली खेळायला पळाली.