रक्त गाळून किडनीची सूज उतरते का?

भावाला एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडून लघवीतून प्रथिन वाहून जाणारा आजार) आहे, स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, दोन्ही लागू पडलं नाही, आता डॉक्टर प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला पिवळा द्रव काढून बदलणं, म्हणताहेत, तर रक्त गाळून किडनीची सूज उतरते का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "आईची किडनी बसवली की विषय संपेल ना?" ते वाचलं आणि लिहायला बसले. मी अशीच एक आई आहे.

माझ्या मुलाला नवव्या वर्षी सुरू झालं. रोज सकाळी लघवीत प्रथिन तपासायची पट्टी बुडवायची, डबीवरच्या रंगाशी ताडायची, वहीत लिहायचं. पिवळी राहिली तर चांगला दिवस. अशा आठ वह्या घरात आहेत. एकोणिसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या, वर्षभर डायलिसिस, मग माझी डावी किडनी दिली. ऑपरेशन टेबलावरच लघवी सुरू झाली, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी टाके सांभाळत व्हीलचेअरवरून त्याला बघायला गेले, तर लघवीच्या पिशवीत फेस, म्हणजे पुन्हा प्रथिन जातंय. तो फेस मी दहा वर्षं बघत आले होते. रिपोर्ट संध्याकाळी आला, मला सकाळीच कळलं होतं.

त्याच रात्री थोरल्या जाऊबाई वॉर्डाबाहेर म्हणाल्या, "हिची किडनीच थकलेली असणार." सासूबाई गप्प राहिल्या.

मग प्लाझ्मा एक्स्चेंज झालं. मानेत नळी, दोन-तीन तास मशीन, बाजूला करडईच्या तेलासारख्या पिवळ्या प्लाझ्माची पिशवी भरत जायची आणि तेवढंच अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण, आत जायचं. ओठांना मुंग्या आल्या की तो नर्सला हाक मारायचा. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या सायट्रेटने कॅल्शियम उतरतं, म्हणून लगेच कॅल्शियम देतात. असं नऊ वेळा, सोबत रिटुक्सिमॅब, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींवरचं औषध. पाचव्यानंतर पट्टी चार प्लसवरून दोनवर आली. आज चार वर्षं झाली, एक प्लस असते, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.४. नोकरी करतो.

तर हे डायलिसिस नव्हे. डायलिसिसच्या गाळणीतून युरिया, क्रिएटिनिन असे बारीक रेणू जातात, अँटिबॉडीसारखे मोठे अडकतात. प्लाझ्माची गाळणी मोठ्या भोकांची, ती सगळाच प्लाझ्मा बाजूला काढते. आणि 'सूज' म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी कधी पायावरचं पाणी असतं, कधी इन्फ्लमेशन, म्हणजे आतला दाह. त्यांना कोणती ते विचारा. एफएसजीएसमध्ये मूळ मार किडनीच्या गाळणीतल्या पोडोसाइट या पेशींवर बसतो आणि पुष्कळांत तो मारणारा पदार्थ रक्तात फिरत असतो, असं मानतात. काहींच्या रक्तात याच पेशींच्या नेफ्रिन या प्रथिनावर उठलेल्या अँटिबॉडी सापडल्या आहेत. तो पदार्थ बाहेर काढायचा, यासाठी हा खटाटोप. जपानात एलडीएल अफेरेसिस, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल काढणं, हेही करतात, त्यात प्लाझ्मा फेकत नाहीत, कोलेस्टेरॉल शोषून तोच परत देतात.

दोष रक्तात होता, माझ्या किडनीत नाही. २०१२ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी एक केस छापली. बहिणीची किडनी बसवलेल्या २७ वर्षांच्या मुलात हाच आजार उलटला, प्लाझ्मा काढूनही थांबेना. दोन आठवड्यांत त्यांनी ती किडनी काढली आणि दुसऱ्या, ६६ वर्षांच्या रुग्णाला बसवली. तिथे तीच किडनी सुधारली, नीट चालली. ही बातमी मी छापून जाऊबाईंना दिली. त्यांनी वाचली की नाही, माहीत नाही.

सगळ्यांना गुण येतो असं मात्र नाही. स्वतःच्या किडनीवर, भावासारख्या केसमध्ये, प्लाझ्मा एक्स्चेंजचा पुरावा तोकडाच आहे. प्रत्यारोपणानंतर आजार उलटला तर त्याचा वापर जास्त. बाहेर जाणाऱ्या प्लाझ्मात जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीही जातात, ताप आला तर थांबू नका. आणि जनुकीय तपासणी आधी करून घ्या. आजार जनुकातला असेल तर प्लाझ्मा काढून उपयोग नाही, पण मग नव्या किडनीत तो सहसा उलटतही नाही. जनुकातला नसेल तर साधारण तिघांत एकाला उलटतो. हा आकडा डॉक्टरांच्या तोंडून, काका-आत्या सगळ्यांना समोर बसवून, तुमच्या आईने सही करायच्या आधी ऐकवा.