सुकलेलं रोप उपटायची घाई नको

ताई, इंदूरजवळच्या रालामंडळ अभयारण्याच्या बाजूच्या टेकडीवर गेल्या पावसाळ्यात लावलेले साग, पळस, तेंदू मे महिन्यात नुसत्या काटक्या झालेत. उपटून नवे लावायचे का आणि रोज टँकर मागवायचा का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको.

आधी बुंध्याशी, अगदी मातीलगत, नखानं साल खरवडा. आत हिरवं-ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. मीही एकदा 'मेलेला' तेंदू उपटायला बसलो होतो. वर वीतभर काटकी, खाली हातभर खणलं तरी मूळ संपेना, तेही अंगठ्याएवढं जाड! लाज वाटून माती परत लोटली. तेंदू, पळस यांची पोरं उन्हाळ्यात वरून वाळतात, पावसात पुन्हा फुटतात. काही वर्षं सगळी कमाई मुळात घालतात, मग उंची घेतात.

साग पानं गाळतो तोही हिशेबच. पानांची छिद्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवा आत येत नाही, अन्न बनत नाही. उघडी ठेवली तर खोडातल्या बारीक नळ्यांत पाण्यावर एवढा ताण येतो की धार तुटते, हवेचा बुडबुडा शिरतो आणि नळी निकामी होते. त्यापेक्षा पानंच टाकलेली बरी.

रोज तांब्याभर पाणी घातलंत तर मुळं वरच रेंगाळतील. आठ-दहा दिवसांनी आळं भरून, खोलवर मुरेल असं द्या. वर पालापाचोळ्याचा जाड थर हवा, तोच जो आपली माणसं झाडून जाळतात. पायथ्याच्या काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर भुसभुशीत मातीनं बुजवा. भेग रुंदावताना बारीक मुळं तुटतात. पावसाआधी उताराला आडवे समतल चर खणून घ्या.

नवीन लावायचंच असेल तर गुलमोहर नको. थोडं बी घाटाखालच्या, जास्त तापणाऱ्या निमाडातून आणा. तिथली गरमी उद्या घाट चढून आपल्या माळव्याच्या पठारावर येणार, आणि खडकाळ, कोरड्या जमिनीत तग धरणारं अंजनाचं झाड तिकडे भरपूर आहे. सगळी टेकडी मात्र त्याचीच करू नका. आपल्याकडची थंडी त्याच्या कोवळ्या रोपांना सोसत नाही, आणि एकाच जातीचं रान कीड लागली की एकदमच जातं. अंजनाच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये पिकतात, म्हणजे यंदाचं बी हवं असेल तर याच आठवड्यात घाट उतरावा लागेल.