वडील ७४ वर्षांचे, केमो सुरू व्हायचीय. सहा महिन्यांत वजन ६२ वरून ५७ किलो झालं. याने आयुष्यावर फरक पडतो का?

हो, पडतो, ही ८ टक्के घट आहे आणि सहा महिन्यांत ५ टक्क्यांच्या वर गेली की आम्ही ती धोक्याचीच धरतो. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वयस्कांसाठी 'जी८' ही आठ प्रश्नांची चाचणी असते, त्यातले बरेच प्रश्न भूक-वजनाचेच. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तर सविस्तर तपासणी मागून घ्या. किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. कडक भाकरी चावत नसेल तर डाळीत कुस्करा, सोबत दही, अंडं. शेंगाचटणी तोंड आलं नसेल तरच. मात्र रक्ततपासणीत नुसतं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून घाबरू नका, ते आजाराच्या दाहानेही उतरतं. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.