दोरावर पूर्ण वजन टाकल्यावर: अलंग, मदन, कुलंगचा अनुभव

तुम्ही विचारलंय की एखाद्या खडतर सांघिक मोहिमेने माणसाची श्रद्धा खरंच बळकट होते का, की तो नुसता थकव्यातला भावुकपणा असतो. शिवाय देव न मानणाऱ्याने अशा मोहिमेला जावं का, असंही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हो आहे. आणि ते कसं झालं हे मी नेमकं सांगू शकतो, कारण ते कड्यावर, दोराला लटकलेलो असताना झालं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ गेला. तो दवाखान्यात असताना घरातल्या प्रत्येकाने काही ना काही बोललं होतं: कुणी नवस, कुणी उपास, आईने तर अखंड दिवा. तो गेल्यावर मी देवघरासमोर उभं राहणं सोडलं. रागापेक्षा पोकळपणा जास्त होता. बोलायलाच काही उरलं नव्हतं. ऑफिसातल्या मित्रांच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले करायचं ठरलं तेव्हा देवाचा विचार माझ्या डोक्यात अजिबात नव्हता. शरीर थकवायचं होतं, एवढंच.

हे तीन किल्ले कळसूबाईच्या रांगेत एकमेकांना खेटून उभे आहेत. घोटीच्या बाजूने आंबेवाडीत यायचं आणि तिथून चढायला लागायचं. मराठेशाही संपल्यावर इंग्रजांनी नाशिककडच्या बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. अलंगच्या पायऱ्या जिथे तुटल्या आहेत तिथे आज उभा कातळटप्पा आहे. मदनवरही तसाच एक टप्पा लागतो. दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, ज्यांना दोर अडकवतात) आणि जाणकार माणसं नसतील तर हे दोन गड होत नाहीत. सह्याद्रीतल्या सर्वांत कठीण ट्रेकमध्ये या त्रिकुटाचं नाव घेतात ते यामुळेच.

आमच्याबरोबर आंबेवाडीतले एक मामा होते. वाटेत झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. मामांनी चपला काढल्या, हात जोडले, आम्हीही थांबलो. कातळटप्प्याखाली पोचल्यावर हेच मामा आधी वर गेले आणि कातळात ठोकलेल्या ज्या बोल्टला दोर बांधायचा तो हिसके देऊन देऊन बघितला. प्रत्येकाच्या हार्नेसचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहिला. एकाची गाठ त्यांना पसंत पडली नाही, ती सोडून पुन्हा मारायला लावली. दगडापुढे जोडलेले हात आणि गाठ तपासणारे हात एकाच माणसाचे होते, आणि मामांना त्यात काही वेगळं करतोय असं वाटतही नव्हतं. नवस बोलताना आम्ही देवाकडे निकाल मागितला होता. मामा निकालाबद्दल काही बोलतच नव्हते. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं चोख करायचं आणि मग चढायला लागायचं, असं त्यांचं चाललं होतं.

कातळ चढताना वरून दोर धरणारा माणूस दिसत नाही. तो कड्याच्या पलीकडे बसलेला असतो आणि वाऱ्यात त्याचा आवाजही नीट पोचत नाही. कमरेशी दोर किंचित ताणला गेला की समजायचं, आपल्याला धरलेलं आहे. चढाई तरी बरी, कारण समोर खाचा दिसतात आणि हातापायांचे तीन टेकू पक्के ठेवून चौथा हलवायचा हे लक्षात राहतं. खरी परीक्षा अलंगवरून उतरताना झाली. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, दरीकडे पाठ करून मागे रेलायचं असतं, शरीराचं सगळं वजन दोरावर सोडून. भीतीपोटी माणूस नेमकं उलटं करतो, सरळ उभा राहतो, कातळाला बिलगतो. तसं केलं की तळवे कातळावर दाबले जात नाहीत आणि पाय सटकतात. मागे झुकलं तरच बूट धरतात. अर्धं वजन दोरावर आणि अर्धं स्वतःच्या मुठीत, असं चालत नाही. तसं करणारा जास्त धोक्यात असतो.

कड्याच्या काठावर मी किती वेळ तसाच थांबलो होतो ते सांगता येणार नाही. खालून कुणीतरी ओरडत होतं, "बस मागे, खुर्चीत बसल्यासारखा बस!" मी बसलो. दोराने घेतलं. त्या क्षणी भावाची आठवण आली आणि बऱ्याच महिन्यांनी तोंडून "पांडुरंगा" निघालं. काही मागायचं म्हणून निघालं नाही. मला वाचव असंही त्यात नव्हतं. ज्याच्यावर वजन टाकलं त्याचं नाव घ्यावं तसं ते आलं. खाली उतरल्यावर हात थरथरत होते, पण आतली पोकळी तेवढी पोकळ राहिली नव्हती.

चिकाटीचं म्हणाल तर ती कुलंगने शिकवली. तिथे दोर लागत नाही, पण सुमारे 1,470 मीटर उंचीचा हा गड अंगावर येतो. अलंग आणि मदन करून पाय आधीच संपलेले असतात, आणि मग त्या खोदीव पायऱ्या सुरू होतात, काही गुडघ्याइतक्या उंच. आमच्या लीडरचा नियम होता: सगळ्यात हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं, बाकीच्यांनी मागे. एका मुलीचा गुडघा धरला होता. तिच्या सॅकमधला शिधा, पाणी, भांडी कुणी कधी वाटून घेतली ते कळलंही नाही. दहा पायऱ्या, थांबा, श्वास, पुन्हा दहा. मी मनात नाम घेत चढत होतो आणि माथा किती राहिला हे विचारणं आपोआप बंद झालं होतं. पुढच्या दहा पायऱ्यांपुरतं बळ मागायचं आणि ते मिळायचं. कुलंगच्या टाक्यांमधलं गार पाणी तोंडावर मारलं तेव्हा आम्ही सगळे रडत होतो. तुम्ही याला थकव्यातला भावुकपणा म्हणाल, आणि ते रडणं तसं असेलही. पण घरी आल्यावर थकवा गेला आणि नाम राहिलं. आता संध्याकाळी मी आईजवळ देवासमोर बसतो. भाऊ का गेला याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि बसायला त्या उत्तराची अट मी घालत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अलंगवर माझा दोर धरणारा मित्र देव मानत नाही. त्याला तिथे देव भेटला नाही आणि मीही त्याला पटवायला गेलो नाही. पण उन्हात, हाताला फोड आलेले असताना, शेवटचा माणूस वर येईपर्यंत तो दोरावरून नजर हटवत नव्हता. माझी श्रद्धा त्याच्या त्या हातांतून आली, असं मी त्याला सांगितलंय. तेव्हा जरूर जा.

फक्त पावसाळ्यात जाऊ नका, कातळावर शेवाळ असतं. थंडीचे महिने उत्तम. त्याआधी निदान दोन-तीन महिने पाठीवर वजन घेऊन जिने चढायचा सराव ठेवा. ज्या ग्रुपबरोबर जाणार त्यांना दोर आणि हार्नेस किती जुने आहेत हे न संकोचता विचारा. नीट उत्तर देत नसतील तर दुसरा ग्रुप बघा. आणि आंबेवाडीतलं कुणी जाणतं माणूस सोबत घ्याच. जंगलात अलंग-मदनच्या खिंडीकडे जाणारी वाट फसवी आहे आणि कोणत्या टाक्याचं पाणी प्यायचं हे गावातल्या माणसाला बरोबर माहीत असतं.