लॅटिन ‘फेरो’ची रूपं इतकी वेगळी का? आणि त्याचा अर्थ फक्त ‘वाहून नेणे’ एवढाच आहे का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फेरो (मी वाहतो), तुली (मी वाहिलं) आणि लातुम (वाहिलेलं) ही एकाच क्रियापदाची रूपं कशी, हा पहिला. दुसरा, ‘फेरुन्त’चा ‘ते वाहतात’ हा अर्थ वाक्यात का बसत नाही.

पहिल्याचं उत्तर आपल्याच तोंडी आहे: आज ‘जातो’, काल ‘गेलो’. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूवरून आला, ‘गेलो’ ‘गम्’वरून. फेरोचंही तसंच. फेरो हा संस्कृत ‘भृ’चा सख्खा भाऊ, भरति, भार त्यातलेच. तुली आणि लातुम मात्र वेगळ्या घरचे, तुला आणि तोलणे यांच्या घरचे. लातुम आधी ‘त्लातुम’ होतं, सुरुवातीचा ‘त’ गळाला. तुली खरं तर ‘तोल्लो’ (उचलतो) याचं रूप. ते फेरोने पळवलं, तेव्हा बिचाऱ्या तोल्लोला ‘मी उचललं’साठी ‘सुस्तुली’वर भागवावं लागलं.

आता अर्थ. ओझं नेणं हा मूळ अर्थ, पण वाचताना जास्त भेटतात ते बाकीचे. ‘लेगेम फेर्रे’ म्हणजे लोकसभेपुढे कायद्याचा प्रस्ताव आणणं. इथे लोकसभा रोमची, दिल्लीची नव्हे. ‘एग्रे फेर्रे’ म्हणजे एखादी गोष्ट मनाला लावून घेणं. सोसणं तर आहेच. आणि ‘फेरुन्त’ म्हणजे सरळ ‘म्हणतात’. ‘फेरुन्त होमेरुम काइकुम फुइस्से’: होमर आंधळा होता म्हणतात. कोण म्हणतात ते मराठीतही सांगावं लागत नाही. अशा वाक्यात पुढे द्वितीया आणि ‘-स्से’ किंवा ‘-रे’ने संपणारं क्रियापद दिसलं, की ‘वाहणे’ विसरा.

आज्ञार्थ नुसता ‘फेर’, शेवटी स्वर नाही. इंग्रजी तळटीपांत ‘सीएफ’ लिहितात ते याच्याच ‘कोन्फेर’चं संक्षिप्त रूप, म्हणजे ‘तुलना करा’.

खरा त्रास उपसर्गांचा आहे. आउफेरो (काढून नेतो), आब्स्तुली, आब्लातुम: पाठ केल्याशिवाय ही एकाच क्रियापदाची वाटतच नाहीत. इंग्रजीतले ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट असेच एका क्रियापदातून फुटले. त्यामुळे ‘-लातुस’ने (लातुमचंच पुल्लिंगी रूप) संपणारा शब्द कोशात सापडला नाही, तर आधी ‘-फेरो’खाली शोधा.